पडदी : घरातल्या एका पोकळ भिंतीची हकीकत

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. मी मोजले. २०२२ च्या उन्हाळ्यात सुलतान बाजारामागचं आमचं घर पाडायला द्यायचं ठरलं, तेव्हा हातात नऊ दिवस होते. टेप, ओळंबा, वही आणि एक शिडी एवढं घेऊन मी रोज सकाळी जायचो. आयुष्यभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं, पण राहत्या घराचा नकाशा कधी काढला नव्हता. तो काढला घर जाताना.

आपल्या मंडळाच्या बैठकांत देवड्यांच्या कमानी, नक्षीची दारं, चुन्याचे गिलावे, एस्क साहेबाचं हायकोर्ट यांवर पुष्कळ बोलणं झालेलं आहे. ते व्हायलाच हवं. पण मी आज जिच्याविषयी लिहिणार आहे ती भिंत रस्त्यावरून कधीच दिसली नसती. ती घराच्या पोटात होती, तिच्यात वीट नव्हती, दगड नव्हता. जाडी जेमतेम साडेतीन इंच. घरात तिला सगळे ‘पडदी’ म्हणत. पडदी म्हणजे खरं तर आडव्या विटांची पातळ भिंत, पण आमच्याकडे जे पातळ ते पडदी.

आधी ती कशी होती ते सांगतो, मग का होती ते.

मधल्या मोठ्या दालनाला आडवी अशी ती चौदा फूट लांब होती. सागाचे आठ उभे, दर दोन फुटांवर एक. खाली फरशीवर एक तळपट्टी, वर तुळईखाली एक माथापट्टी, आणि मध्ये चार फुटांवर व आठ फुटांवर अशा दोन आडव्या रिपा. या सांगाड्यावर आमच्या बाजूनं सिमेंटचे सपाट पत्रे स्क्रूनं मारलेले. पत्रे आठ फुटांपर्यंतच. त्याच्यावर तुळईपर्यंत दीड फूट लाकडी जाफरी, वारा इकडून तिकडे जावा म्हणून. पलीकडच्या बाजूला पत्रे नव्हतेच. तिकडून नुसता उघडा सांगाडा दिसायचा आणि प्रत्येक दोन उभ्यांमधल्या रिपेवर डबे, औषधाच्या बाटल्या, देवाचं तसबीर असं काय काय ठेवलेलं असायचं. दोन्हीकडून पत्रे मारले असते तर खर्च दुप्पट झाला असता. त्यामुळे गुळगुळीत बाजू एकाला आणि फळ्यांची सोय दुसऱ्याला, अशी ती वाटणी होती. कुणाला काय मिळालं यावरून पुढं बरीच वर्षं थट्टा चालायची. आजीच्या मते फायद्यात पलीकडचेच राहिले.

आता का होती ते. आजोबांची एक हिशेबाची वही आमच्याकडे आहे. तिच्यात १९५७ च्या एप्रिलमध्ये ‘पडदीचा खर्च’ असा एक पान आहे. त्या पानावर आजोबांनी रकाना आखलाय रुपये-आणे-पैचा आणि त्यावर काट मारून ‘न. पै.’ लिहिलंय, कारण त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून देशात दशमान नाणी सुरू झाली होती. खाली नोंदी : साग रीप, पत्रे, स्क्रू, वड्रंगीची मजुरी. (सुताराला आजोबा कायम तेलुगूत वड्रंगी म्हणत. गवंडी मात्र गवंडीच. या शहरातल्या मराठीचं हे असंच.) हा खर्च कशापायी आला त्याचं कारण वहीत नाही, ते त्याच्या पाच महिने आधीच्या इतिहासात आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाचे, म्हणजे तोवरच्या हैदराबाद राज्याचे, भाषेप्रमाणे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेलं. गुलबर्गा, रायचूर, बीदर हे कानडी भाग म्हैसूरकडे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात. जिल्ह्यांबरोबर सरकारी माणसंही वाटली गेली. आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही अण्णाआजोबा म्हणायचो, ते एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांच्या वाट्याला मुंबई राज्य आलं आणि ते बिऱ्हाड घेऊन औरंगाबादला गेले. आजोबा शाळामास्तर. ते इथंच राहिले. एका छपराखाली राहणारे दोन भाऊ दोन राज्यांचे रहिवासी झाले.

अण्णाआजोबांच्या खोल्या रिकाम्या ठेवणं परवडणारं नव्हतं. भाडेकरू ठेवायचा तर मधलं दालन दुभागायला हवं. विटांची भिंत घालू, असं गवंडी म्हणाला. आजोबांनी नाही म्हटलं. विटांची भिंत म्हणजे कायमची. भाऊ आज ना उद्या परत येणार, निवृत्त झाल्यावर तरी येणारच, मग ती फोडत बसायची का? म्हणून ही स्क्रूची भिंत. हवी तेव्हा काढता येईल अशी. ती पासष्ट वर्षं उभी राहिली.

आता थोडं या सांगाड्याच्या कामाविषयी, कारण पुढची हकीकत त्यावर अवलंबून आहे.

पातळ पत्रा किंवा फळी स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. पोस्टकार्ड टेबलावर उभं करून पाहा. त्याला मागून काड्या चिकटवल्या की ते उभं राहतं. भिंतीचं काम काड्या करतात, कार्ड फक्त झाकतं. उभ्यांतलं अंतर ठरतं ते पत्र्याच्या रुंदीवरून. चार फुटी पत्र्याच्या दोन्ही कडांना एकेक उभा हवा, म्हणजे सांधा हवेत राहत नाही, आणि पोटाला एक, म्हणजे टेकलं तर पत्रा वाकत नाही. म्हणून दोन फुटांवर उभा. चौदा फुटांत तीन पत्रे पूर्ण बसले आणि चौथा मधोमध कापावा लागला. हा कापलेला पत्रा लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट वरच्या सांध्याची. तळपट्टी फरशीत पक्की बसवतात, पण माथापट्टी तुळईला घट्ट ठासायची नसते. तुळई लाकडाची, तिच्यावर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर चुन्याची गच्ची. पावसाळ्यात गच्ची पाणी पिते, जड होते, तुळई किंचित लवते. खाली पडदी घट्ट असेल तर ती लवण पडदीवर येते आणि पत्रा फुगतो नाहीतर तडकतो. आमच्या वड्रंगीला हे नेमकं ठाऊक होतं. त्यानं अर्ध्या इंचाची फट सोडून तिच्यात चिंध्या कोंबल्या होत्या आणि बाजूनं एक नक्षीची पट्टी मारून ती झाकली होती. म्हणजे भिंत सरळ राहील, डुलणार नाही, पण वरचं ओझं घेणार नाही. उभ्यांचे सांधेही पाहण्यासारखे होते. खिळा एक नाही. उभ्याचं कुसू पट्टीच्या खाचेत, आणि आरपार बांबूची खुंटी. प्रत्येक उभ्याच्या बुंध्याशी पटाशीनं केलेल्या खुणा : एक रेघ, दोन रेघा, अशा आठपर्यंत. कुठला उभा कुठल्या खाचेत बसवायचा याची ती खूण. सांगाडा अंगणात जुळवून, खोलून, आत आणून पुन्हा उभा केला असणार. चार आणि पाच रेघांच्या उभ्यांची मात्र अदलाबदल झालेली आहे. कशी, देव जाणे.

पत्रे कुठले, हा प्रश्न आला. आमच्या पत्र्यांवर छाप काही राहिलेला नव्हता. पण सिमेंटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळून पत्रा ओतण्याची युक्ती लुडविग हात्शेक या ऑस्ट्रियन माणसानं १९०० च्या सुमारास काढली, आणि तिच्यावर चालणारा मोठा कारखाना आपल्याच शहरात, सनतनगरला होता. हैदराबाद अ‍ॅस्बेस्टॉस या बिर्लांच्या कंपनीची सुरुवात १९४६ ची सांगतात, म्हणजे अजून निजामाचं राज्य होतं तेव्हाची. तिचा पन्हाळी पत्रा ‘चारमिनार’ नावानं देशभर गेला. महाराष्ट्रात खेड्यापाड्यांतल्या शाळांवर, गोठ्यांवर ज्यांनी चारमिनारचं नाव वाचलं त्यांतल्या किती जणांनी खरा चारमिनार पाहिला असेल! आपण इथं लाड बाजारात फिरणारी माणसं, आपल्याला त्याचं कौतुक नाही.

लाकूड महाग होत चाललं होतं, विटेला जागा लागते आणि वजन असतं. सपाट सिमेंटचा पत्रा वाळवीला भीत नाही, पेटत नाही, चुना लावला की भिंतीसारखा दिसतो. दुभागलेल्या दालनांना, पोटभाड्याच्या खोल्यांना, कचेऱ्यांच्या केबिनांना तो सोयीचा होता. सुलतान बाजार, काचीगुडा, गौळीगुडा या भागात जुन्या घरांतून मी अशा पडद्या लहानपणी किती पाहिल्या त्याची गणती नाही. १९५६ नंतर जी बिऱ्हाडं उठून गेली त्यांच्या खोल्यांत नवी आली, आणि मध्ये हा पत्रा आला.

आमच्याकडे आलेले भाडेकरू तेलुगू शाळेतले एक शिक्षक होते. सगळे त्यांना पंतुलुगारू म्हणायचे. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तोंडही होतं. वर जाफरी, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लागली की आमच्या घरात रेडिओ नसतानाही आम्ही सगळे पत्र्याला पाठ लावून बसायचो, आणि पंतुलुगारू न सांगता आवाज वाढवायचे. माझं तेलुगू त्या भिंतीतून आलेलं आहे. व्याकरण नाही, पण उच्चार चांगले, असं पंतुलुगारूंच्या पत्नी, आमच्या अम्मागारू, म्हणायच्या. १९६४ च्या आसपास मग त्या कापलेल्या पत्र्यातच एक लहानशी खिडकी पाडली, पलीकडून पुळिहोर आणि इकडून पुरणपोळी जावी म्हणून. सुतार करवत चालवत होता आणि पत्रा हलू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरला होता. दहा वर्षांचा असेन. पांढरी भुकटी डोक्यावर, भुवयांवर. आजी म्हणाली, म्हातारा झालास बघ. सगळे हसले.

त्या भुकटीविषयी पुढं काय काय कळलं ते आपण सारे वाचून आहोत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या कामगारांबाबत निकाल दिला. कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांतलं जे नंतर संपेल तोवर ठेवा, असं त्यात सांगितलं. इतकी वर्षं का, तर तो आजार छातीत तितका काळ दबा धरून बसतो. निकाल कारखान्यातल्या माणसांसाठी होता. गल्लीबोळांत घरोघर पत्रे कापत फिरणाऱ्या सुतारांची नोंद कुणी ठेवायची? आमचा तो सुतार पुढं किती वर्षं जगला, कशानं गेला, हे आम्ही कधी विचारलंच नाही. मला हे लिहितानाही बरं वाटत नाही.

असो. आता १९७९ कडे येतो.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. पंतुलुगारूंनी आदल्या वर्षी दिलसुखनगरला स्वतःचं घर बांधलं होतं, पलीकडच्या खोल्या मोकळ्या होत्या. आजोबा गेलेले. औरंगाबादहून अण्णाआजोबा सहकुटुंब येणार होते. वडिलांच्या मनात आलं, आता पडदी काढू, दालन पूर्वीसारखं एक करू, पंगत एकाच जागी बसेल. स्क्रूच तर काढायचे. गल्लीतल्या एका मिस्त्रीला बोलावलं. त्यानं वरची नक्षीची पट्टी उचकटली, खिशातून चाकू काढला आणि माथापट्टी व तुळई यांच्यामध्ये पातं सरकवायला गेला. पातं शिरेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंच शिरेना. बावीस वर्षांपूर्वी कोंबलेल्या चिंध्या पापडासारख्या दबून गेल्या होत्या. मग त्यानं उभ्यांना ओळंबा लावला. मधले दोन उभे बोटभर पोट काढून उभे होते.

मिस्त्री शिडीवरून उतरला आणि दखनीत म्हणाला, ये नक्को निकालो, अब येच घर को पकडको खडी है.

झालं असं होतं की १९६८ मध्ये नळाचं पाणी अपुरं पडू लागलं म्हणून वडिलांनी गच्चीवर पाण्याची टाकी बसवली, नेमकी त्या तुळईवर. तुळई हळूहळू लवली, फट संपली आणि पडदीवर टेकली. जी भिंत कुठलंच ओझं घ्यायचं नाही म्हणून बांधली, ती अकरा वर्षं टाकी पेलत होती, कुणाला पत्ता न लागता. पत्रे फुटले नाहीत ते सागाच्या उभ्यांमुळे. आपल्या सगळ्यांच्या घरात असा एखादा मेंबर असतो, असं बहीण म्हणाली होती, पण ते जाऊ द्या.

तोड निघाली ती अशी. टाकी रिकामी करून बाजूच्या भिंतीवर हलवली. पत्रे उतरवले, सांगाडा राहू दिला. आठ उभे आणि दोन आडव्या रिपांतली खालची. वरच्या जाफरीला झेंडूच्या माळा आणि आंब्याचे डहाळे. त्या उघड्या सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना पंगती बसल्या आणि वाढपी उभ्यांच्या मधून अंग चोरून ये-जा करत होते. अण्णाआजोबा एका उभ्याला पाठ टेकून बसले होते. जेवण झाल्यावर त्यांनी तो उभा हातानं चाचपला आणि विचारलं, दादानं स्क्रू लावले होते ना? वडील म्हणाले, हो. त्यांनी मान हलवली, बाकी काही बोलले नाहीत. ते निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि औरंगाबादलाच घर बांधून राहिले होते.

लग्नानंतर पत्रे परत लावले गेले. चिंध्यांच्या जागी नव्या चिंध्या नाही घातल्या. घालायला फट नव्हती.

या ठिकाणी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. आपल्या बैठकांत नेहमी ऐकू येतं की पूर्वीच्या भिंती भरीव, दोन-दोन हात जाड, म्हणून घरं टिकली. आणि आताच्या पोकळ, टकटक वाजणाऱ्या, म्हणून टिकत नाहीत. माझं मत वेगळं आहे. दख्खनच्या घराचा जीव भिंतीत कधीच नव्हता, सांगाड्यात होता. आम्ही मूळ औसा भागातले. पणजोबा तिकडून इथं आले आणि १९०८ च्या मुसीच्या पुरात, ज्यात सुमारे १५,००० माणसं गेली, त्यांचं नदीकाठचं पहिलं बिऱ्हाड वाहून गेलं. मग त्यांनी वरच्या अंगाला हे घर बांधलं, गावाकडच्या पद्धतीनं, खणांचं. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. घर किती मोठं, तर किती खणी, असं मोजतात. वाटण्याही खणांवर होत : तुला तीन, मला दोन. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या. छपराचं ओझं या लाकडावर. बाहेरची दगडमातीची भिंत म्हणजे अंगावरचं घोंगडं. आत खोल्या पाडायच्या तर तुळईच्या रेषेत चार उभे रोवून तुराट्यांचा नाहीतर पऱ्हाट्यांचा कूड घालायचा आणि त्याला शेणमातीनं लिंपायचं. आमची पडदी हीच. तुराट्यांच्या जागी पत्रा आला एवढंच.

याचा पुरावा फार वाईट रीतीनं मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक झोपलेले. किल्लारीचा भूकंप इथं हैदराबादेतही जाणवला. आमच्या घरात जाफरी खडखडली आणि मी जागा झालो. चार-पाच दिवसांनी मदतीचं सामान घेऊन जाणाऱ्या एका ट्रकबरोबर मीही औशाकडे आणि तिथून पुढं गेलो. सुमारे ८,००० माणसं गेली त्या एका पहाटे. बहुतेकांना मारलं ते दोन-दोन, चार-चार फूट जाडीच्या भिंतींनी. गोल दगड नुसत्या मातीत रचलेले, आरपार जाणारा बांधदगड नाही, त्यामुळे भिंत फाकली आणि दगडांचा ढीग आत-बाहेर कोसळला. वर माळवदाची फूट-दोन फूट माती. पण कितीतरी घरांत मी पाहिलं की चारी बाजूंनी दगडांचा खच आणि मध्ये लाकडी खांब नि तुळया तशाच उभ्या. नुसते खण. सगळीकडे असं नव्हतं. जिथं खांबांना तिरका आधार नव्हता तिथं तेही कलंडले होते. पण एका घरात कूड शाबूत होता, त्याला खुंटीवर टोपी लटकत होती, आणि बाहेरची हातभर जाड भिंत जमीनदोस्त. नंतर भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांनीही हेच नोंदवलं, पण मला ती टोपीच आठवते.

तेव्हापासून ‘भरीव ते टिकाऊ’ हे वाक्य कुणी म्हटलं की मी गप्प बसू शकत नाही, हे मंडळातल्या जुन्या लोकांना माहीत आहे.

आता हायटेक सिटी. सायबर टॉवर्स १९९८ ला उभे राहिले आणि त्या बाजूला काचेचं दुसरं शहर वसलं. पुतण्या इंटिरियरची कामं घेतो. घर पाडायच्या आदल्या महिन्यात तो मला माधापूरला एका कचेरीचं काम चालू होतं तिथं घेऊन गेला. सहाव्या मजल्यावर एवढं मोठं मोकळं मैदान, एक भिंत नाही. बिहारकडची चार पोरं. एकानं फरशीवर खडूच्या दोरीनं रेघ मारली. रेघेवर पन्नास मिलिमीटरची जस्ताळलेल्या पत्र्याची पन्हळ ठोकली. तशीच वर छताला. मग त्या दोन पन्हळींत उभे, तेही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्याचे, नखानं वाजवावेत असे. दोन्ही अंगांनी साडेबारा मिलिमीटरचा जिप्समचा बोर्ड, स्क्रू, सांध्यावर कागदी पट्टी नि लांबी. दुपारी जेवायच्या आत तीस फूट भिंत उभी. हा बोर्डही काही आजचा नाही. कागदाच्या दोन थरांत जिप्सम भरायची कल्पना अमेरिकेतल्या ऑगस्टीन सॅकेटनं १८९४ साली पेटंट करून घेतली होती. आपल्याकडे पोचायला तिला शंभर वर्षं लागली.

मी टेप काढून दोन उभ्यांतलं अंतर मोजलं. ६१० मिलिमीटर. म्हणजे दोन फूट. बोर्डाची रुंदी १२२०, म्हणजे चार फूट. सगळ्या जगानं मीटर घेतला तरी या भिंतीच्या पोटात अजून फूटच आहे. त्या पोराला विचारलं, सहाशेदहाच का, सहाशे का नाही? तो म्हणाला, बाबूजी, बोर्डाचा सांधा उभ्यावर यायला पाहिजे ना. आमच्या वड्रंगीनं हेच उत्तर दिलं असतं. मग मी वर बोट दाखवून विचारलं, वरची पन्हळ आणि उभा यांच्यात फट का सोडलीय? त्याला कारण सांगता आलं नाही, उस्तादनं तसं शिकवलं म्हणाला. मी त्याला आमच्या टाकीची गोष्ट सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि पुन्हा स्क्रू मारायला लागला. पुतण्याला काम उरकायची घाई होती.

मे महिन्यात घर पाडायला माणसं आली. पहिल्याच सकाळी एक जण घण घेऊन पडदीकडे निघाला, त्याला मी अक्षरशः आडवा गेलो. मुकादम वैतागला. त्याचं म्हणणं, एक पत्रा फोडायला दोन मिनिटं, स्क्रू काढायला अर्धा दिवस. गंजलेले स्क्रू, ते खरंच होतं. शेवटी अर्ध्या दिवसाची मजुरी मी दिली. आधी तुळईखाली दोन लोखंडी टेकू दिले, कारण ती अजूनही पडदीवरच बसलेली होती. मग पत्र्यांवर पाणी मारून ते ओले ठेवले, तोंडाला मास्क सगळ्यांच्या, करोनातले उरलेले होतेच. स्क्रू एकेक करून सोडवले, पत्रे अख्खे उतरवले आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. खिडकीचा पत्रा उतरवताना त्या चौकोनी भोकाच्या कडा मला हात लावून पाहाव्याशा वाटल्या. लावला नाही.

पत्रे निघाल्यावर उभे सैल होतील असं वाटलं होतं. झाले नाहीत. टेकू एक-दोन सूत वर चढवल्यावर माथापट्टीखालून करकर असा आवाज आला आणि मग कुठं ते सुटले. खुंट्या मागच्या बाजूनं ठोकल्या की कुसू खाचेतून अलगद बाहेर. मधले दोन उभे, चार आणि पाच रेघांचे, अजून पोट काढून आहेत. ओझं गेल्यावर सरळ होतील म्हणून महिनाभर वाट पाहिली. झाले नाहीत.

आठांतले चार उभे अण्णाआजोबांचा नातू औरंगाबादला घेऊन गेला. त्याला त्याचा झोपाळा करायचाय. चार माझ्या बाल्कनीत आहेत. पडदीचा मोजून काढलेला नकाशा, सांध्यांच्या चित्रांसह, मंडळाच्या कपाटात ठेवायला दिला आहे. कुणाच्या घरात अशी पडदी अजून उभी असेल तर मला एक फोन करावा, मी टेप घेऊन येईन. आणि ती काढायचीच असेल तर आधी वरच्या फटीत चाकूचं पातं घालून पाहा, आणि पत्रा कोरडा असताना त्याला करवत लावू नका.